हेडमास्तरांनी कारभार कुठे शिकायचा? शैक्षणिक प्रशासन या विषयाची आपल्या मुलखातली गोष्ट

आजचा धागा नेहमीपेक्षा लांब आहे. यात लढाई नाही, किल्ला नाही, ताम्रपटही नाही. यात शेरेबुके आहेत, हजेरीपट आहेत, घोड्यावरून येणारे 'डिपोटी' आहेत आणि एक साधा प्रश्न आहे: शाळा चालवणारा माणूस शाळा चालवायला शिकतो कुठे?

मी बदलापूर गावचा. बाहेरच्यांना बदलापूर म्हणजे लोकलच्या फलकावरचे एक नाव. आम्हा गावकऱ्यांना मात्र 'स्टेशन' आणि 'गाव' या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. स्टेशनाभोवतीची वस्ती कुळगावच्या अंगाने वाढली. जुने गाव पश्चिमेला, उल्हास नदीच्या बाजूला. येथे घोडे बदलले जात म्हणून बदलापूर, असे गावात सांगतात. ही लोकव्युत्पत्ती आहे, पुरावा नव्हे. पण घोडा या धाग्यात पुन्हा येणार आहे.

२० ऑगस्ट २०२४ हा दिवस येथील कोणीही विसरणार नाही. शहरातील एका शाळेत चिमुकल्या मुलींवर अत्याचार झाल्याचे उघड झाले, हजारो लोक बदलापूर स्थानकात रुळांवर उतरले आणि दिवसभर लोकल थांबल्या. उच्च न्यायालयाने स्वतःहून दखल घेतली. त्या प्रकरणावर मी काही लिहिणार नाही. तो माझा अधिकार नाही. मला लिहायचे आहे ते त्या आठवड्यात रिक्षा थांब्यावर आणि किराणा दुकानात कानावर पडलेल्या प्रश्नांविषयी. मुख्याध्यापक कोणाला जबाबदार असतो? शाळेची तपासणी कोण करते, आणि कधी? तक्रार आली की पहिल्या तासाभरात काय करायचे, हे शाळेत नक्की कोणाला ठाऊक असते?

हे तिन्ही प्रश्न एका विद्याशाखेचे आहेत. तिचे नाव शैक्षणिक प्रशासन. विद्यापीठात तो पदव्युत्तर अभ्यासाचा विषय आहे, त्यावर पीएच.डी. होतात, ग्रंथालयात त्याचे स्वतंत्र कपाट असते. तरीही आपल्याकडे शाळा चालवणाऱ्या बहुतेकांची त्या कपाटाशी कधी गाठ पडत नाही. असे का झाले, हे पाहायला आपल्याला पावणेदोनशे वर्षे मागे जावे लागेल.

सुरुवात मुंबई इलाख्यापासून करू. एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात सरकारी मराठी शाळा निघू लागल्या, तेव्हा त्यांच्यावर देखरेख करणारी माणसे शिक्षकांतूनच उचलली गेली. 'दर्पण'कार बाळशास्त्री जांभेकर आपल्याला संपादक म्हणून ठाऊक असतात. परंतु त्यांनी मराठी शाळांचे निरीक्षक म्हणूनही काम केले आणि शिक्षक घडवणाऱ्या अध्यापकवर्गाचे संचालकपदही सांभाळले. १८४६ मध्ये ते ऐन तारुण्यात वारले. व्याकरणकार दादोबा पांडुरंग यांच्याकडेही पुढे मराठी शाळांच्या देखरेखीचे काम आले. म्हणजे आपल्या पहिल्या शिक्षणाधिकाऱ्यांपैकी एक वृत्तपत्रकार आणि दुसरे व्याकरणकार. विद्वत्तेत दोघेही कमी नव्हते. फक्त तपासणी करायला कोणी शिकवलेले नव्हते. ती त्यांनी करता करता बसवली.

१८५४ मध्ये वुडचा खलिता आला आणि चित्र बदलले. प्रत्येक प्रांतात स्वतंत्र शिक्षण खाते असावे, त्यावर एक प्रमुख अधिकारी असावा आणि त्याच्या हाताखाली निरीक्षकांची साखळी असावी, असे त्यात म्हटले होते. १८५५ मध्ये मुंबई इलाख्याचे शिक्षण खाते उभे राहिले आणि सी. जे. अर्स्किन हे त्याचे पहिले संचालक झाले. अर्स्किन मुलकी सेवेतले, म्हणजे महसूल आणि न्याय पाहणाऱ्या मंडळींतले. शिक्षण खाते हे आणखी एक खाते, आणि ज्याला जिल्हा चालवता येतो त्याला शाळाही चालवता येतात, ही समजूत तेथेच रुजली. ती आजही पुरती गेलेली नाही.

संचालकाखाली युरोपियन इन्स्पेक्टर, त्यांच्याखाली डेप्युटी इन्स्पेक्टर, त्यांच्याखाली सहायक. खेड्यातल्या तोंडी 'डेप्युटी'चा 'डिपोटी' झाला आणि या शब्दाने पुढची शंभर वर्षे पंतोजींची झोप उडवली. डिपोटी येणार म्हणून शाळा सारवली जाई, पोरांना धुतलेले सदरे घालून बोलावले जाई, हुशार मुले पुढच्या रांगेत बसत. लोकमान्य टिळकांचे वडील गंगाधरपंत हे अशाच नोकरीत चढत गेले. शाळामास्तर म्हणून सुरुवात केलेले गंगाधरपंत सहायक डेप्युटी इन्स्पेक्टर होऊन १८६६ च्या सुमारास रत्नागिरीहून पुण्यास आले. बाळ गंगाधर टिळक पुण्यात वाढले त्याला कारण शिक्षण खात्यातली एक बदली! इतिहासाच्या पुस्तकांत ही बाब अर्ध्या ओळीत उरकली जाते, आणि मला ते नेहमी खटकते.

आमच्या भागात आगगाडी १८५६ मध्येच कल्याणच्या पुढे खोपोलीच्या दिशेने गेली होती. पण लोहमार्गापासून दोन कोस आत गेले की वाहन म्हणजे घोडा किंवा बैलगाडी, आणि पावसाळ्यात तेही नाही. एका डेप्युटीच्या वाट्याला अशा कित्येक शाळा येत. त्याचा दौरा वर्षातून एकदा. त्याच दिवशी परीक्षा, त्याच दिवशी हिशेब, त्याच दिवशी शेरा. शिवाय १८६० च्या दशकापासून खासगी शाळांचे अनुदान मुलांच्या परीक्षेच्या निकालाशी जोडले गेले. आता कल्पना करा: तपासणीला आलेला माणूस जे आकडे लिहील त्यावर शाळेचा पैसा ठरणार. अशा वेळी मास्तर त्याला शाळेची अडचण सांगेल की लपवील?

ही व्यवस्था मुळातच कच्ची आहे, हे सर्वांत स्पष्ट शब्दांत सांगितले ते जोतीराव फुले यांनी. १८८२ मध्ये हंटर आयोगापुढे त्यांनी जे निवेदन दिले ते आपण प्राथमिक शिक्षणाच्या मागणीसाठी वाचतो, आणि ते योग्यच आहे. पण त्यात देखरेखीविषयीचा एक भाग आहे, तो सहसा सुटून जातो. डेप्युटीची वर्षातून एक भेट जवळजवळ निरुपयोगी आहे, असे ते म्हणतात. निदान दर तीन महिन्यांनी तपासणी व्हावी. आणि, हे विशेष, आगाऊ वर्दी न देता अधूनमधून शाळेत जावे. गावच्या आणि जिल्ह्याच्या इतर अधिकाऱ्यांवर विसंबून चालणार नाही, कारण त्यांच्यामागे इतकी कामे असतात की त्यांची पाहणी वरवरचीच होते.

हे निवेदन मी एम.ए.च्या पहिल्या वर्षाला वाचले तेव्हा त्या परिच्छेदावरून पुढे गेलो होतो. ऑगस्ट २०२४ नंतर पुन्हा वाचले, तेव्हा तेथेच थांबलो. जोतीराव हे शिक्षण खात्यातले नोकर नव्हते. स्वतः शाळा काढल्या, चालवल्या, पैशाची ओढाताण सोसली, म्हणून त्यांना कळले की तपासणी ही पोलिसी बाब नाही आणि समारंभ तर नाहीच. ती नियमित, अनपेक्षित आणि जाणकार असावी लागते. शैक्षणिक प्रशासनाच्या कोणत्याही पाठ्यपुस्तकात शोभेल असा तो परिच्छेद आहे. मात्र आपल्या पाठ्यपुस्तकांत अमेरिकन लेखकांची नावे आधी येतात.

त्या अमेरिकन लेखकांकडेही थोडे वळू, कारण हा विषय 'विद्यापीठीय' झाला तो तिकडे. विसाव्या शतकाच्या आरंभी अमेरिकेत शहरे फुगत होती, स्थलांतरितांची मुले शाळांत येत होती आणि प्रत्येक शहराच्या शाळांवर 'सुपरिंटेंडेंट' नावाचा अधिकारी नेमला जात होता. त्याला शिकवायचे कोणी? न्यूयॉर्कच्या टीचर्स कॉलेजाने ते काम अंगावर घेतले. एलवुड कबरली आणि जॉर्ज स्ट्रेअर या दोघांनी १९०५ मध्ये तेथूनच डॉक्टरेट मिळवली. पुढे कबरली स्टॅनफर्डला आणि स्ट्रेअर टीचर्स कॉलेजात या विषयाचे अध्वर्यू ठरले. कबरलीचे १९१६ चे शालेय प्रशासनावरचे पुस्तक अमेरिकेत वर्षानुवर्षे वाचले गेले. त्यात त्याने शाळेला कारखान्याची आणि मुलांना कच्च्या मालाची उपमा दिली. त्या काळी टेलरच्या 'शास्त्रीय व्यवस्थापना'चे वारे होते. शाळाही त्याच तागडीत तोलल्या गेल्या. १९६२ मध्ये रेमंड कॅलहन या इतिहासकाराने या साऱ्या कार्यक्षमतेच्या वेडाची झाडाझडती घेतली. तेव्हा विषय विद्यापीठात आला म्हणजे शाळांचे भले झालेच, असे समजू नका.

आता परत मुंबईकडे. १९०६ मध्ये मुंबईत सेकंडरी ट्रेनिंग कॉलेज सुरू झाले. तेथे माध्यमिक शिक्षक तयार होऊ लागले. मग १९३६ मध्ये मुंबई विद्यापीठाने एम.एड. ही पदवी सुरू केली. देशातली ती पहिली एम.एड. शिक्षणशास्त्र हा पदव्युत्तर अभ्यासाचा विषय आहे, अशी मोहर आपल्याकडे तेव्हा उमटली. तत्त्वज्ञान, मानसशास्त्र, इतिहास, संशोधनपद्धती आणि त्यांच्या शेजारी प्रशासन, असा तो संसार. प्रशासन त्या घरात आले खरे. पण धाकट्या भावासारखे, कोपऱ्यातल्या खोलीत.

आणि त्याच सुमारास घराबाहेर काय चालले होते, पाहा. १९१८ मध्ये विठ्ठलभाई पटेलांच्या प्रयत्नाने नगरपालिकांना सक्तीचे शिक्षण लागू करण्याची मुभा देणारा कायदा झाला. १९२३ च्या कायद्याने प्राथमिक शाळांचा कारभार स्थानिक मंडळांकडे गेला. १९४७ च्या मुंबई प्राथमिक शिक्षण अधिनियमाने शाळा मंडळे आणि त्यांवर सरकारने नेमलेले प्रशासन अधिकारी आले. १ मे १९६२ रोजी जिल्हा परिषदा अस्तित्वात आल्या आणि शिक्षणाधिकारी हा शब्द घरोघरी पोचला. चार दशकांत कारभाराची रचना तीन-चारदा मोडून नव्याने बांधली गेली. दर वेळी नवे पद निर्माण झाले, नवी नोंदवही आली. त्या पदावरच्या माणसाने काय शिकून यावे, हा प्रश्न मात्र दर वेळी पुढे ढकलला गेला.

शेजारच्या बडोद्याचा अपवाद येथे नोंदवला पाहिजे. सयाजीराव गायकवाडांनी १८९३ मध्ये अमरेली भागात आणि १९०६ पासून साऱ्या संस्थानात सक्तीचे मोफत प्राथमिक शिक्षण लागू केले. सक्ती म्हटली की गणना आली, हजेरी आली, दंड आला, शाळांचा नकाशा आला. म्हणजे प्रशासन आले. पुढे त्यांच्या नावाच्या विद्यापीठात शैक्षणिक प्रशासनाचा स्वतंत्र विभाग उभा राहिला, हा मला निव्वळ योगायोग वाटत नाही. (बडोद्यावर वेगळा धागा करीन, येथे इतकेच.)

आता त्या माणसाकडे येऊ, ज्याच्यासाठी हा धागा लिहायला घेतला. जयंत पांडुरंग नाईक. शिक्षणक्षेत्रात 'जे. पी.' जन्म ५ सप्टेंबर १९०७, कोल्हापूर भागातल्या बहिरेवाडीचा. मूळ नाव विठ्ठल हरी घोटगे. स्वातंत्र्यचळवळीच्या काळात त्यांनी हे दुसरे नाव धारण केले आणि तेच आयुष्यभर राहिले. शिक्षण गणिताचे. १९३२ मध्ये तुरुंगवास. सुटल्यावर धारवाड भागातल्या उप्पिन बेटगेरी या खेड्यात जाऊन राहिले आणि शाळा, आरोग्य, शेती, रस्ते, सगळ्याच कामांत पडले.

त्यांचे प्रशासनाचे शिक्षण कोठे झाले, तर येथे. कोणत्याही विद्यापीठात नाही. पोर शाळेत का येत नाही, याचे उत्तर शाळेत नसून गोठ्यात, विहिरीवर आणि सावकाराच्या वहीत असते, हे त्यांना खेड्याने शिकवले. पुढे कोल्हापूर संस्थानात विकासाचे काम हाती आले, तेव्हा त्यांनी दप्तराची दुसरी बाजूही पाहिली. १९४३ मध्ये सय्यद नुरुल्ला यांच्यासह त्यांनी ब्रिटिशकालीन भारतीय शिक्षणाचा इतिहास लिहिला. इतिहासाचा विद्यार्थी म्हणून सांगतो, हे पुस्तक आजही हाताशी ठेवण्यासारखे आहे. आकड्यांना बोलते करणे म्हणजे काय, ते त्यात दिसते.

१९४८ मध्ये जे. पी. यांनी मुंबईत भारतीय शिक्षण संस्था स्थापन केली: शिक्षणातील पदव्युत्तर अभ्यास आणि संशोधन यांना वाहिलेली. (१९७६ मध्ये ती पुण्याला गेली.) पण गंमत अशी की पदव्युत्तर संस्था काढणारा हा माणूस काही वर्षांत पुन्हा खेड्याकडे, भुदरगड तालुक्यातल्या गारगोटीला निघून गेला. तेथील मौनी विद्यापीठाच्या उभारणीत त्यांनी स्वतःला झोकून दिले. बालवाडीपासून ग्रामीण उच्च शिक्षणापर्यंतच्या संस्था एकाच आवारात, एकाच विचाराने चालवून पाहायच्या, हा तो प्रयोग होता. विद्यापीठातल्या प्रबंधाने जे सांगता येत नाही, ते त्यांना करून पाहायचे होते.

चित्रा नाईक यांचा उल्लेख येथे 'पत्नी' म्हणून करून पुढे जाणे अन्यायाचे होईल. मुंबई विद्यापीठाची शिक्षणशास्त्रातील डॉक्टरेट आणि त्यानंतर फुलब्राइट शिष्यवृत्तीवर कोलंबिया विद्यापीठात पुढील अभ्यास, असा त्यांचा मार्ग. म्हणजे कबरली-स्ट्रेअर ज्या परंपरेतून घडले ती परंपरा त्यांनी जवळून पाहिली. परत येऊन त्यांनी गारगोटीला काम केले, पुण्याच्या राज्य शिक्षण संस्थेचे संचालकपद भूषवले आणि नंतर खेड्यापाड्यांतल्या शाळाबाह्य मुलामुलींसाठी रात्रीचे अनौपचारिक वर्ग उभे केले. न्यूयॉर्कमधले शिक्षण आणि कंदिलाच्या उजेडातला वर्ग यांत त्यांना विरोध दिसला नाही.

१९५९ मध्ये जे. पी. केंद्र सरकारच्या शिक्षण मंत्रालयात सल्लागार झाले. मानधन महिना एक रुपया. १९६४ ते १९६६ या काळात डॉ. दौलतसिंह कोठारी यांच्या अध्यक्षतेखालील शिक्षण आयोगाचे ते सदस्य-सचिव होते. आयोगाचा अहवाल वाचताना प्रशासनावरची प्रकरणे जरूर वाचा. त्यांतल्या तीन गोष्टी आपल्या प्रश्नाशी थेट भिडतात.

पहिली: कारभार आणि मार्गदर्शन ही कामे वेगळी करा. जो अधिकारी वेतनबिल मंजूर करतो, बदली करतो, चौकशी करतो, त्यानेच वर्गात मागे बसून शिक्षकाला अध्यापन सुधारण्याचा सल्ला द्यायचा, हे जमत नाही. धाक आणि विश्वास एका खिशात राहत नाहीत. डिपोटीच्या व्यवस्थेचा मूळ दोष येथे नेमका पकडला गेला आहे. दुसरी: शाळासमूह. एका हायस्कुलाभोवतीच्या प्राथमिक शाळा जोडून घ्या, म्हणजे एकटा मास्तर एकटा राहणार नाही. (आपल्याकडे १९९० च्या दशकात आलेला केंद्रप्रमुख हा या कल्पनेचा दूरचा नातलग, २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने तर शाळासमूह पुन्हा नावानिशी आणले.) तिसरी: शैक्षणिक प्रशासकांच्या प्रशिक्षणासाठी राष्ट्रीय पातळीवर स्वतंत्र महाविद्यालय काढा.

तिसरी शिफारस अमलात आली. दिल्लीत युनेस्कोच्या साह्याने १९६२ मध्येच शैक्षणिक नियोजक आणि प्रशासकांसाठी एक आशियाई केंद्र सुरू झाले होते. त्याच वारशावर सत्तरच्या दशकात राष्ट्रीय स्टाफ कॉलेज उभे राहिले, १९७९ मध्ये त्याची 'नीपा' झाली आणि २००६ मध्ये तिला अभिमत विद्यापीठाचा दर्जा मिळाला. देशभरचे शिक्षणाधिकारी तेथे प्रशिक्षणासाठी जातात, संशोधन होते. महाराष्ट्रानेही औरंगाबादेत, आताच्या छत्रपती संभाजीनगरात, त्याच धर्तीची संस्था काढली. पहिल्या शिफारशीचे काय झाले, ते तुमच्या तालुक्याच्या गटशिक्षणाधिकाऱ्यांच्या टेबलावरील फायलींची उंची पाहून ठरवा.

जे. पी. ३० ऑगस्ट १९८१ रोजी गेले. योगायोग असा की शाळांवर आजही ज्यांचा अंमल आहे ते खासगी शाळा कर्मचाऱ्यांच्या सेवाशर्तींचे नियम त्याच वर्षीचे. १९७७ चा अधिनियम, १९८१ ची नियमावली. शिक्षकांच्या बोलण्यात 'एमईपीएस'. तिच्यातला मुख्याध्यापकाविषयीचा नियम काढून पाहा. माध्यमिक शाळेचा मुख्याध्यापक होण्यासाठी पदवी हवी, अध्यापनाची पदवी हवी, पाच वर्षांचा अनुभव हवा. आणि या अटी पूर्ण करणाऱ्यांत सेवेचा अभिलेख समाधानकारक असलेला सर्वांत ज्येष्ठ तो मुख्याध्यापक. प्रशासनाचा अभ्यास? त्याचा उल्लेखच नाही.

ज्येष्ठतेच्या नियमावर उगाच टीका करायची नाही. तो नसता तर संस्थाचालकांनी भाचे-पुतणे खुर्चीत बसवले असते, आणि तो नियम ज्या काळात आला त्या काळात ही भीती काल्पनिक नव्हती. नियमाने शिक्षकाला संरक्षण दिले. पण त्याची किंमत अशी की पंचवीस-तीस वर्षे भूमिती शिकवलेला माणूस १ जूनला अचानक एका कार्यालयाचा प्रमुख होतो.

माझे मामा असेच झाले. उत्तम गणित शिकवायचे. मुख्याध्यापकाची खुर्ची मिळाली तेव्हा निवृत्तीला चार वर्षे उरली होती. संचमान्यता, बिंदुनामावली, सेवापुस्तके, वेतनेतर अनुदान, शालार्थ, यू-डायस: हे सारे त्यांना शिकवले ते शाळेच्या वरिष्ठ लिपिकाने, दुपारच्या सुट्टीत, डबा खाता खाता. मामा गमतीने म्हणायचे, "अरे, मी हेडमास्तर झालो आणि पुन्हा पहिलीत बसलो." त्यातही लिपिकाला जे माहीत तेच मामांना कळले. दप्तर कसे ठेवायचे ते कळले. पालकांची सभा कशी घ्यायची, दोन शिक्षकांतला तंटा कसा मिटवायचा, एखादे मूल गप्प गप्प राहू लागले तर काय विचारायचे, हे लिपिक कोठून सांगणार?

बाल लैंगिक अत्याचार प्रतिबंधक कायदा, म्हणजे पोक्सो, २०१२ चा. अशा गुन्ह्याची माहिती मिळालेल्या कोणीही ती पोलिसांना देणे त्यात बंधनकारक आहे. संस्थेच्या प्रमुखाने आपल्या हाताखालील व्यक्तीच्या गुन्ह्याची माहिती दडवली, तर एक वर्षापर्यंतच्या कैदेची तरतूद आहे. हे वाक्य किती मुख्याध्यापकांना नेमणुकीच्या दिवशी कोणी वाचून दाखवले असेल? मामांनी ते पहिल्यांदा वाचले तेव्हा ते निवृत्त झाले होते, आणि वाचले ते २०२४ च्या ऑगस्टमधील वर्तमानपत्रात. बराच वेळ घडी तशीच हातात धरून बसले होते.

म्हणजे विद्यापीठात या विषयाची कोणालाच गरज वाटली नाही, असे नव्हे. नाशिकच्या यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठाने, जे १९८९ मध्ये स्थापन झाले, शालेय व्यवस्थापन पदविका सुरू केली, आणि महाराष्ट्रात या विषयाला सर्वांत जास्त विद्यार्थी कोणी मिळवून दिले असतील तर या मराठी माध्यमातल्या दूरशिक्षणाने, असे माझे मत आहे. चाळिशीतले शिक्षक रविवारी अभ्यासकेंद्रावर येतात, स्वाध्याय लिहितात, परीक्षेला बसतात. काही जण केवळ प्रमाणपत्रासाठी येतात, हे खरे. पण आपल्याच शाळेतील एखादी अडचण प्रकल्प म्हणून मांडताना ती पहिल्यांदाच नीट दिसली, असे सांगणारेही मला भेटले आहेत. विद्वत्सभेत या पदविकेचे नाव कोणी घेत नाही. पुण्या-मुंबईच्या शिक्षणशास्त्र विभागांना ती किंचित खालच्या पायरीवरची वाटते की काय, अशी मला शंका आहे.

एम.एड.चे तर उलटेच झाले. २०१४ च्या नियमांनी ती एक वर्षाची दोन वर्षांची झाली, शैक्षणिक व्यवस्थापन आणि प्रशासन हे विशेष अभ्यासाचे क्षेत्र म्हणून निवडता येऊ लागले. माझी एक मैत्रीण कलिनाला एम.एड. करते, कुर्ल्यापर्यंत आमची लोकल एकच. तिने हाच विशेष विषय घेतला आहे. मी विचारले, "मग तू मुख्याध्यापिका होणार?" ती हसली. "मी अध्यापक महाविद्यालयात शिकवणार. मुख्याध्यापक व्हायला एम.एड. लागत नाही, आणि एम.एड. झालेल्याला मुख्याध्यापक करतीलच असे नाही." एवढ्यात विठ्ठलवाडी गेले आणि गर्दीत आमचे बोलणे तुटले. पण सगळा पेच तिने दोन वाक्यांत सांगितला होता. ज्याला शाळा चालवायची आहे त्याने हा विषय शिकलाच पाहिजे असे नाही. आणि जो शिकतो तो बहुधा दुसऱ्याला शिकवायला जातो. ज्ञान वर्तुळात फिरते आणि शाळेचे फाटक त्या वर्तुळाबाहेर राहते.

२०२४ नंतर शासनाने निर्णय काढले: शाळाशाळांत सीसीटीव्ही, कर्मचाऱ्यांची चारित्र्य पडताळणी, तक्रारपेट्या, सखी सावित्री समित्या. यांतली एकही गोष्ट अनावश्यक नाही. पण त्या समितीची बैठक कशी चालवायची, तक्रारपेटी कोणी आणि कोणासमोर उघडायची, चिठ्ठी सापडली तर पुढच्या तासाभरात कोणाला फोन करायचा, हे पुन्हा त्या ज्येष्ठतेने आलेल्या माणसालाच ठरवायचे आहे. ऑक्टोबर २०११ मध्ये राज्यभर पटपडताळणी झाली, तेव्हा तीन दिवसांत सगळी यंत्रणा शाळांच्या दारात उभी राहिली होती, मुले मोजायला. मोजणे आपल्याला जमते. त्याची सवय आपल्याला डिपोटींच्या काळापासून आहे.

शेवटी एक विनंती. जुन्या जिल्हा परिषदेच्या आणि नगरपालिकेच्या शाळांत लोखंडी कपाटाच्या तळाशी कधी कधी शेरेबुके सापडतात: लाल कापडी पुठ्ठा, आत डेप्युटी इन्स्पेक्टरांपासून विस्तार अधिकाऱ्यांपर्यंत प्रत्येकाच्या हस्ताक्षरातले शेरे, खाली तारीख आणि सही. शाळेची इमारत पाडून नवी बांधतात तेव्हा ही पहिल्यांदा रद्दीत जातात. आपल्या गावच्या शाळेत असे एखादे असेल तर मुख्याध्यापकांची परवानगी घेऊन त्याची छायाचित्रे काढा. शिक्षकांची आणि मुलांची नावे झाका, आणि मला पाठवा. मी कल्याण आणि अंबरनाथ तालुक्यांतल्या शेरेबुकांपासून सुरुवात करतो आहे. मला विशेषतः असे शेरे हवे आहेत, जे वर्दी न देता झालेल्या भेटीनंतर लिहिलेले आहेत.